पोर्तो अलेग्रे, सरळ खाली

कुकिता तेइजी यांनी मिझोबारु नगरपालिकेत अडतीस वर्षं जमिनी मोजल्या, आणि अडतीस वर्षांत त्यांची चूक एकदाही दोन सेंटिमीटरच्या वर गेली नाही. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्याने विचारेपर्यंत थांबत, आणि तो विचारत नाहीसं दिसलं की मगच सांगत. त्यामुळे एप्रिलमधल्या एका शनिवारी आठ वर्षांच्या नातीने त्यांची आठ हजार चारशे किलोमीटरची चूक काढली, तेव्हा ती त्यांना जरा लागली.

नात लिव्हिया ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेला राहते. कुकितांची एकुलती एक मुलगी चिनामी लग्न करून तिकडे गेली त्याला नऊ वर्षं झाली. दर शनिवारी संध्याकाळी आठ वाजता फोनच्या पडद्यावर भेट व्हायची. तिकडे तेव्हा सकाळचे आठ. बरोबर बारा तासांचा फरक असल्यामुळे भिंतीवरचं एकच घड्याळ दोन्ही घरांना चालतं, आणि ही सोय कुकितांना पृथ्वीच्या रचनेतली सगळ्यात समजूतदार गोष्ट वाटत असे.

"आजोबा, तुम्ही आमच्याकडे का येत नाही?" लिव्हियाने विचारलं.

"लांब आहे गं."

"किती?"

"एकवीस हजार शंभर किलोमीटर," कुकिता म्हणाले. टोकियो, मग युरोप, मग साओ पाउलो, मग तुमचं गाव. चारही विमानांची अंतरं त्यांनी केव्हाच बेरीज करून ठेवली होती.

"चूक. बारा हजार सातशे. आमच्या बाईंनी संत्र्यात काडी घालून दाखवलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला तुम्ही."

"काडीवरून विमान जात नाही."

"पण अंतर तर तेवढंच ना? म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आलं. आता या."

मागे चिनामी हसत होती. इकडे कुकितांच्या पत्नी फुसाए संत्रं सोलत बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या संत्र्याकडे नीट पाहिलं आणि मग सोलायला घेतलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुकिता आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. ज्याने जन्मभर जमीन मोजली त्याच्या पायाखाली जमीन असावी, असं त्यांचं मत होतं. लोकांना सांगताना ते गुडघ्याचं नाव घेत, घरात अंतराचं घेत. फुसाएंनी मात्र चिनामीच्या लग्नाचं पत्र आलं त्याच आठवड्यात दहा वर्षांचा पासपोर्ट काढून आणला होता. तो स्वयंपाकघरातल्या खणात पंच्यांच्या खाली असायचा. दर वर्षअखेरीच्या साफसफाईत त्या तो बाहेर काढत, वरून पुसत आणि परत ठेवत. त्यावर एकही शिक्का नव्हता, आणि येत्या मार्चमध्ये त्याची मुदत संपणार होती. याबद्दल त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. न बोलण्याच्या बाबतीत त्यांची अचूकता नवऱ्याच्या मोजमापाइतकीच होती.

"जुलैच्या सुट्टीत आम्हीच येतो बाबा," चिनामी म्हणाली. "दोन आठवडे. मग तुम्ही दोघं बसा वाद घालत."

वाद घालायची वेळच येऊ नये, असं कुकितांनी ठरवलं. कोपऱ्यावरच्या बागेत एक रिकामा खांब होता. पूर्वी त्यावर घड्याळ होतं, ते तुफानात गेलं. त्या खांबावर देवदाराची फळी लावायची, बाण काढायचा, आणि कोरून लिहायचं: पोर्तो अलेग्रे, २१,१०० किलोमीटर. मुलं तोंडी आकड्याशी भांडतात, लाकडात कोरलेल्या आकड्याशी नाही. नातीने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, की आजोबा येत नाहीत ते उगाच नाही.

बागेत काहीही लावायचं म्हणजे आधी रहिवासी मंडळ. मंडळाचे अध्यक्ष सामेशिमासान पूर्वी न्हाव्याचा धंदा करायचे, आणि अजूनही बोलताना त्यांची नजर माणसाच्या डोळ्यांवर न राहता कानामागे जात असे.

"कल्पना छान आहे," कुकितांच्या मानेकडे बघत ते म्हणाले. "पाटी फिरवू या."

फिरती पाटी म्हणजे मंडळाची सूचना लावलेला पुठ्ठा. प्रत्येक घराने वाचायचा, आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायचा. नुसता दारात ठेवून येणं असभ्य समजतात. हातात द्यायचा, आणि हातात दिला की चार शब्द बोलायचे. वस्तीत अडतीस घरं, पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत रस्त्याची लांबी सहाशे दहा मीटर. पाटीला सव्वीस दिवस लागले. दिवसाला साधारण साडेतेवीस मीटर. या वेगाने पाटी पोर्तो अलेग्रेला निघाली असती तर पोचायला दोन हजार चारशे बासष्ट वर्षं लागली असती, हे कुकितांनी सव्विसाव्या दिवशी काढून पाहिलं.

पाटी परत आली ती अडतीस शिक्के आणि अकरा चिठ्ठ्या घेऊन. एकीत लिहिलं होतं, माझा मुलगा ओसाकाला असतो, त्याचं अंतर का नको. एकीत, बाण लाल नसावा, लाल बघून माझा कुत्रा बिथरतो. एकीत कचऱ्यावर टाकायच्या जाळीबद्दल तक्रार होती, जिचा या विषयाशी काही संबंध नव्हता, पण वस्तीतल्या प्रत्येक पाटीबरोबर ती येत असे. अकरावी चिठ्ठी बिननावाची होती. तिच्यात ठसठशीत छापील वळणाने लिहिलं होतं, "अंतराबरोबर लागणारा वेळही लिहावा. आणि तो आपल्या वस्तीतल्याच कुणीतरी मोजलेला असावा."

मे महिन्याच्या बैठकीत चहा आणि उकडलेली रताळी आली, आणि विषय निघाला.

"बाण कुठल्या दिशेला?" सामेशिमासाननी विचारलं.

"ईशान्येला," कुकिता म्हणाले. "पंचेचाळीस अंशांना तीन दशांश कमी. जवळजवळ नेमकी ईशान्य."

हामासुनाबाईंनी हातातलं रताळं खाली ठेवलं. हामासुनाबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या, बागेला लागून नैर्ऋत्येला त्यांचं घर. ईशान्य म्हणजे भुताखेतांच्या येण्याजाण्याचं दार, म्हणून त्यांनी घराच्या त्या कोपऱ्यात साठ वर्षांपूर्वी नांतेनचं झुडूप लावलं होतं, आणि त्या झुडपाच्या भरवशावर तीन मुलं आणि एक नवरा सुखरूप वाढवला होता.

"कुकितासान," त्या म्हणाल्या, "माझ्या घराच्या ईशान्येला तुम्ही खांबावर पाटी लावणार. वर बाण काढणार. म्हणजे त्यांना आतापर्यंत रस्ता सापडत नव्हता तो तुम्ही लिहून देणार."

"बाण तुमच्या घराकडे नाही, घरापासून लांब जातोय."

"ते बाणाच्या टोकाकडूनच येतात. शेपटाकडून नाही येत."

कुकितांना यावर गप्प बसता आलं असतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर बसलाही असता. पण बरोबर माहिती जवळ असताना ती न देणं त्यांना कधी जमलं नाही, आणि इथे त्यांच्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झाली. ही चूक सेंटिमीटरमध्ये मोजता येण्यासारखी नव्हती.

"हे पाहा," ते म्हणाले, "पोर्तो अलेग्रे जवळजवळ आपल्या बरोबर पाठीमागे आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. फक्त दोनशे त्रेचाळीस किलोमीटरचा फरक. त्यामुळे ईशान्येने जाणं सगळ्यात जवळचं आहे हे खरं, पण कुठल्याही दिशेने निघालात तरी फार तर पाचशे किलोमीटर जास्त पडतील."



"कुठल्याही?" ओसाकावाल्या मुलाचे वडील म्हणाले.

"कुठल्याही."

"म्हणजे बाण कुठेही लावला तरी चालेल."

"चालेल असं नाही, पण..."

पुढचा तासभर कुकितांना बोलायला मिळालं नाही. उत्तरेकडच्या घरांना बाण आपल्या मुख्य दारावर नको होता. दक्षिणेकडच्यांच्या पडवीत कपडे वाळत असत, आणि पाहुण्यांची नजर बाणामागून तिकडे जाईल अशी त्यांना भीती. पूर्वेला पर्वत आहे, रोज धूर सोडतो, राख टाकतो. त्याच्याकडे बोट दाखवणं बरं नाही, असं एकजण म्हणाले, आणि हे सगळ्यांनाच पटलं. पश्चिमेला दंतवैद्य राहत होते. ते म्हणाले, "माझ्याकडे चालेल. दवाखान्याला पाटी नाहीच." यावर दुसऱ्या दंतवैद्याच्या मेव्हणीने हरकत घेतली.

शिवाय एका निवृत्त शिक्षिकेने हळू आवाजात विचारलं, की ईशान्येचा रस्ता सगळ्यात जवळचा असेल तर त्याचं अंतर एकवीस हजार शंभर कसं?

"एकोणीस हजार सातशे बहात्तर," कुकितांना कबूल करावं लागलं. "एकवीस हजार शंभर ही विमानाची वाट. विमान वाकडं जातं."

"मग बाणावर विमानाची वाट कशी लिहिणार? विमान काही बाणाच्या दिशेने जात नाही."

कुकितांनी एकवीस हजार शंभर खोडलं. तेराशे अठ्ठावीस किलोमीटर गेले. नातीच्या बाजूला गेले, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटी तोडगा सामेशिमासाननी काढला. वस्तीत भांडण मिटवण्याचा एकच मार्ग माहीत होता, पाळी. कचऱ्याच्या जाळीची पाळी होती, राखेच्या पिशव्या गोळा करायची पाळी होती. बाण खिळीवर फिरता ठेवायचा. दर महिन्याच्या एक तारखेला पाळीवाल्याने तो पुढच्या घराकडे वळवायचा. अडतीस घरं, तीन वर्षं दोन महिन्यांनी सगळ्यांवर सारखा अन्याय झालेला असेल. हामासुनाबाईंची पाळी आली की त्या महिन्यात बाणाला कापडी पिशवी घालायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोर्तो अलेग्रे कुठे आहे हे दर महिन्याला पाळीने ठरावं, हे अडतीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसाला पटणं शक्य नव्हतं, पण जुलै जवळ येत होता.

ठराव घेऊन कुकिता नगरपालिकेत गेले. आपल्याच जुन्या इमारतीत आपण बाहेरच्या खुर्चीवर बसतो आहोत हे त्यांना खटकलं. उद्यान विभागात तोकुदोमे नावाचा सज्जन तरुण अधिकारी होता. तो प्रत्येक वाक्याआधी क्षमा मागत असे, त्यामुळे नकार कुठे सुरू झाला ते कळत नसे.

"क्षमा करा, हे फिरतं का?"

"फिरतं."

"बागेत फिरतं म्हणजे खेळणं."

"हे खेळणं नाही. दिशादर्शक आहे."

"क्षमा करा, मूल याला लटकू शकेल?"

कुकितांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वीस किलोपर्यंतचं लटकेल."

"मग खेळणं. खाली रबराची जमीन लागेल, वर्षातून एकदा तपासणी लागेल, आणि वर चिकटपट्टी: वय वर्षं सहा ते बारा, मोठ्यांच्या देखरेखीखाली."

"वापरणारा सदुसष्ट वर्षांचा आहे."

"मग क्षमा करा, त्यांना वापरता येणार नाही."

"बरं, न फिरणारा बसवतो. पक्का."

तोकुदोमेने जाड वही उघडली. पक्का बाण म्हणजे खांबातून बाहेर आलेला भाग. बाहेर आलेला भाग डोक्याच्या उंचीवर नको. अडीच मीटरच्या वर न्यायचा तर तुफानाच्या वाऱ्याचं गणित, पायाचा नकाशा, दोन विभागांचे शिक्के. हे सप्टेंबरपर्यंत होईल.

"मग नियमात बसणारा बाण कुठल्या दिशेला असू शकतो?" कुकितांनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता.

तोकुदोमे बराच वेळ वाचत राहिला. "खांबाच्या बाहेर येता कामा नये. म्हणजे क्षमा करा, वर किंवा खाली."

"वर पोर्तो अलेग्रे नाही."

"खाली?"

कुकितांची नजर फरशीवर गेली. तोकुदोमेने त्या नजरेचा अर्थ बरोबर लावला आणि अर्जावर शिक्का मारला.

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. गणित नको तितकं सोपं होतं. इथून पोर्तो अलेग्रेकडे खरोखर सरळ बोट दाखवायचं असेल तर ते जमिनीत जातं. ओळंब्यापासून फक्त एक अंश आणि एक दशांश कललेलं, ईशान्येला. आणि त्या रेषेवर अंतर पडतं बारा हजार सातशे चाळीस किलोमीटर. कुकितांनी ते तीनदा काढलं. तिन्ही वेळा संत्रंच निघालं.

"अहो," फुसाए म्हणाल्या, "खालच्या बाणावर एकोणीस हजार लिहून चालणार नाही का?"

"नाही."

"नाही ना? मला वाटलंच."

हामासुनाबाईंकडे जाणं राहिलं होतं. एक अंश एक दशांश म्हणजे ईशान्यच; लपवून बसवला असता तर कुणाला कळलंही नसतं, पण कुकितांना कळलं असतं. त्यांनी बाईंच्या ओट्यावर एक जेवायची काडी ताठ धरली, मग किंचित कलती केली.

"ही कलती झाली का?" हामासुनाबाईंनी विचारलं.

"झाली."

"कधी?"

"आत्ता."

त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "एवढ्याशा फटीतून यायचं म्हणजे ते भूत फारच बारीक असणार," त्या म्हणाल्या. "येऊ दे. चहा घ्या."

राहिला वेळ. अकरावी चिठ्ठी सामेशिमासान विसरले नव्हते. कुकितांनी वेळापत्रकांवरून अडतीस तास काढले होते, पण अध्यक्षांनी मान हलवली. वस्तीने एकदा हात पोळून घेतला होता. बसथांब्यावर मंडळाने पाटी लावली होती, "स्टेशन: चालत बारा मिनिटं." वेळ मोजला होता आधीच्या अध्यक्षांनी, आणि ते मॅरेथॉन पळायचे. पुढची चार वर्षं लोकांच्या गाड्या चुकत होत्या. तेव्हापासून ठराव झाला, की मंडळाच्या पाटीवर वेळ लिहायचा तर मंडळाच्या सभासदाने स्वतः, नेहमीच्या चालीने, दारापासून दारापर्यंत मोजलेला हवा.

"पण तिथे कुणी गेलेलंच नाही," कुकिता म्हणाले.

"मग जागा रिकामी ठेवा."

"कोरलेल्या पाटीवर रिकामी जागा?"

"तोपर्यंत," त्यांच्या कानामागे बघत सामेशिमासान म्हणाले. "कुणीतरी जाईलच कधीतरी."

नऊ जुलैला पाटी लागली. देवदाराची फळी उभी, खांबाला चिकटून, तिच्यावर सव्वा हात लांब बाण, टोक मातीकडे. कलण्याचा कोन कुकितांनी नगरपालिकेतून मागून आणलेल्या यंत्राने तपासला. येणारेजाणारे पाटीपुढे थांबून आधी बाणाकडे बघत, मग जमिनीकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. टपालवाल्याने विचारलं, की खाली काही गाडलंय का. दंतवैद्य म्हणाले, "नम्र पाटी आहे." अक्षरं अशी होती:

पोर्तो अलेग्रे
१२,७४० किलोमीटर
—— तास —— मिनिटं

लिव्हिया आली त्या दिवशी वारा पर्वताकडून होता. राख पडत होती, सगळे छत्र्या घेऊन होते, आणि फळी करडी झाली होती. लिव्हियाने आजोबांना कमरेला मिठी मारली, आजीला मारली, आणि पिशव्या उतरायच्या आतच विचारलं, "पाटी कुठंय?"

तिने तळहाताने राख पुसली. आकडा वर आला तसं तिने आजोबांकडे पाहिलं.

"मी म्हटलं होतं."

"काही गोष्टी विचारात घेता," कुकिता म्हणाले, "तुमच्या बाईंचं बरोबर आहे."

"म्हणजे एकवीस हजार शंभर नाही."

"बाणावर नाही."

तोवर हामासुनाबाई वाफवलेला गोड करुकान केक घेऊन आल्या होत्या, सामेशिमासान आले होते, छत्र्यांचं एक कोंडाळं झालं होतं. लिव्हियाने आणखी राख पुसली. खालची ओळ वाचली, मग बोटाने रिकाम्या जागा चाचपल्या.

"इथे तास लिहायचे राहिलेत."

"राहिले नाहीत, ठेवलेत," सामेशिमासान म्हणाले.

"आम्हाला त्रेचाळीस तास लागले," लिव्हिया म्हणाली. "आईने मोजले, मीपण मोजले."

कुकितांच्या जिवात जीव आला. "ऐकलंत? त्रेचाळीस. दोन साक्षीदार. मी आत्ता कोरतो."

"ती मंडळाची सभासद नाही," सामेशिमासान म्हणाले. "शिवाय ती तिकडून इकडे आली. पाटी इकडून तिकडची आहे. वारा वेगळा असतो."

वारा वेगळा असतो हे खरंच होतं, आणि कुकितांना ते ठाऊक होतं. 

"मग मोजायचं कुणी?" लिव्हियाने विचारलं.

छत्र्या किंचित हलल्या, एवढंच. अडतीस घरांतले जितके लोक तिथे होते तितके सगळे पाटीकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा रोख एकच होता. वस्तीत अंतर मोजायचं काम ज्याचं, त्याला ते कुणी सांगायची पद्धत नव्हती.

"आजोबा," लिव्हिया म्हणाली, "तुम्ही मोजणारे आहात ना?"

दोन आठवडे ती रिकामी जागा तिथेच होती. कुकिता सकाळी फिरायला जाताना दुसऱ्या रस्त्याने जाऊन पाहत, पण तो रस्ताही शेवटी बागेपाशीच येई. अर्धवट नकाशा त्यांनी कधी कार्यालयात ठेवला नव्हता. चिनामी आणि लिव्हिया परत गेल्या तेव्हा विमानतळावर त्यांनी काचेतून विमान उडताना पाहिलं, आणि ते जमिनीवरून सुटलं तो क्षण मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवला. घरी आल्यावर फुसाएंना म्हणाले, "तुझा तो पासपोर्ट कुठाय?"

"पंच्यांच्या खाली," फुसाए म्हणाल्या.

"मार्चमध्ये संपतो ना?"

"तुम्हाला माहीत आहे होय."

कुकितांनी आपलाही पासपोर्ट काढून घेतला, आणि सप्टेंबरच्या सहा तारखेला दोघं निघाले. सामेशिमासाननी घराच्या दारात उभं राहून, नेहमीच्या चालीने जायचं, पळायचं नाही, अशी आठवण केली आणि पाटीच्या कामाची फाइल हातात दिली. मोजणाऱ्याजवळ मूळ कागद असावेत म्हणून. हामासुनाबाईंनी नांतेनची एक फांदी दिली. ती विमानतळावर काढून घेतली.

पहिल्या विमानात कुकितांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्यात उघडले, कारण दहा तास मिटून ठेवणं शक्य नव्हतं. खिडकीशी फुसाए झोपल्या होत्या. खाली काहीच नव्हतं, ना खुंटी, ना बांध, ना हद्दीचा दगड, आणि तरी खुर्ची घरातल्यासारखीच होती, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं. मग वेळ घालवायला फाइल उघडली. ठराव, अर्ज, क्षमा मागणारी तीन पत्रं, अकरा चिठ्ठ्या. अकरावी चिठ्ठी त्यांनी पहिल्यांदाच उलटून पाहिली. मागच्या बाजूला पेन्सिलीने यादी होती: तोफू, पातीचा कांदा, फरशी पुसायचं फडकं. ती पात त्यांनीच आणली होती, एप्रिलमध्ये. जाड आणली म्हणून बोलणी खाल्ली होती.

त्यांनी शेजारी पाहिलं. फुसाए झोपेतच होत्या, किंवा तसं दिसत तरी होतं. कुकितांनी चिठ्ठीची घडी घातली आणि फाइलमध्ये न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवली.

ऑक्टोबरच्या बैठकीत सामेशिमासाननी त्यांचं पत्र वाचून दाखवलं.

"मिझोबारु येथील आमच्या दारापासून पोर्तो अलेग्रे येथील मुलीच्या दारापर्यंत एकूण ४१ तास ४६ मिनिटं. पैकी हवेत २८ तास ९ मिनिटं, रांगेत ५ तास ३१ मिनिटं, चुकीच्या रांगेत ४० मिनिटं, उरलेला वेळ बसून. दोन घड्याळांनी मोजलं, फरक चार सेकंद. फळीवर कोरण्यासाठी अक्षरांचा नमुना सोबत जोडला आहे. इथे संत्री गोड आहेत. नातीच्या अंगणात तशीच एक पाटी लावली, बाण खाली, मिझोबारुकडे. शेजाऱ्यांपैकी कुणाचीही हरकत आली नाही. शेजाऱ्यांना विचारायचं असतं हेच इथे कुणाला माहीत नाही.

"उलट दिशेचा वेळही पाटीवर असावा, अशी सूचना येण्याची शक्यता आहे. तो अद्याप मोजलेला नाही. याबाबत मंडळाने घाई करू नये, अशी माझी नम्र विनंती आहे."

खाली कुकितांचा शिक्का होता, आणि त्याच्या शेजारी, थोडा जोरात मारलेला, फुसाएंचा.